हायकोर्टानं सोडलं, म्हणजे ती खोटं बोलली असं होतं का?

कागदीघोडी

रविवारी आमच्या सोसायटीची टँकरवरून भांडायची मीटिंग संपली आणि आम्ही पाचसहा जण वॉचमनच्या केबिनपाशी चहा घेत उभे होतो. एकाच्या मोबाइलवर बातमी आली: बलात्काराच्या खटल्यात सेशन्सनं दहा वर्षं दिलेली, हायकोर्टानं निर्दोष सोडलं. तळमजल्यावरचे काका लगेच, "बघा, शेवटी खोटीच निघाली ना बाई! त्या पोराची वर्षं कोण भरून देणार?" त्यावर बी विंगेतल्या काकू, "अहो, पैसे चारले असतील." निकालपत्र दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. मी गप्प बसले, कारण टँकरवरच पुष्कळ बोलून झालं होतं. पण डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मी पोटासाठी भाषांतर करते. शिवाजीनगरच्या कोर्टात साक्षी मराठीत होतात, वर मुंबईत आणि दिल्लीत कामकाज इंग्रजीत. मधे माझ्यासारखी माणसं, पानामागे दर ठरवून. बारा-तेरा वर्षांत बऱ्याच अपिलांचे कागद हाताखालून गेले, त्यांत लैंगिक गुन्ह्यांचे कमी नाहीत. वकील नाही मी. कायद्याचं चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

मला कळलेली गोष्ट अशी, की अपिलात माणसं येत नाहीत. फिर्यादी येत नाही, डॉक्टर नाही, पंच नाहीत. येतात ते कागद. आणि हे कागद कसे तयार होतात ते बाहेर फार कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडे साक्ष सहसा प्रश्न-उत्तर अशी उतरत नाही. वकील विचारतो, साक्षीदार काहीतरी बोलतो, न्यायाधीश त्याचं वाक्य करून सांगतात, स्टेनो टाइप करतो. त्यामुळे उलटतपासणी वाचायला घेतली की पानंच्या पानं अशी: "हे म्हणणे खरे नाही की, आरोपीशी माझे आधीपासून संबंध होते. हे म्हणणे खरे नाही की, मी घरच्यांच्या सांगण्यावरून खोटी फिर्याद दिली. हे म्हणणे खरे नाही की, मी आज खोटी साक्ष देत आहे." यातलं एकही वाक्य ती बाई बोललेली नसते. तिनं फक्त "नाही" म्हटलेलं असतं. कदाचित नुसती मान हलवली असेल, कदाचित मधे पाणी मागितलं असेल. कागदावर मात्र ती सरकारी मराठीत एका सुरात बोलते आहे.

गेल्या महिन्यात असंच एक काम आलं (तपशील बदलून लिहितेय). फिर्यादीत वाक्य होतं, "मी त्यास प्रतिकार केला असता त्याने मला दमदाटी केली." कोर्टातल्या साक्षीत तीच बाई म्हणते, "मी त्याला नको ना, नको ना म्हणत होते." झालं. उलटतपासणीत पुढचं वाक्य: "मी 'नको ना' म्हणाल्याचे माझ्या फिर्यादीत का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." आता हे दोन शब्द इंग्रजीत कसे न्यायचे? तीन दिवस अडकले आहे.

तर प्रश्न दोन. एक, वरचं कोर्ट या कागदांत नेमकं काय शोधतं आणि किती सापडलं म्हणजे पुरे? दुसरा शीर्षकात आहे.

नारायणपेठी

म्हणजे निकाल आता स्टेनोनं लावायचा?

गंमत सोडा. खोलीत दोघंच. ती म्हणते झालं, तो म्हणतो नाही झालं किंवा राजीखुशीनं झालं. तिसरा साक्षीदार नाही. मग दहा वर्षं कुणाच्या शब्दावर द्यायची? मी बायकांच्या विरोधात नाही (हे आधी लिहावं लागतं हल्ली), पण आमच्या वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात खरेदीखत असूनही चार साक्षीदार मागितले होते.

बचावपक्ष

कागदीघोडी ताई, धागा छान. एक दुरुस्ती आधी: अपिलात नवा पुरावा घेताच येत नाही असं नाही. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम ३९१ त्यासाठीच आहे. पण बावीस वर्षांच्या वकिलीत मी ते दोनदाच वापरलेलं पाहिलंय, तेव्हा तुमचं म्हणणं व्यवहारात बरोबरच.

फौजदारी अपील दोन जातींचं असतं आणि बातम्या देणारे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

पहिलं, शिक्षेविरुद्ध आरोपीनं केलेलं. इथे हायकोर्ट सगळा पुरावा नव्यानं तोलतं. "सेशन्स जज्जांनी साक्षीदार डोळ्यांनी पाहिलाय" याला मान देतात, पण त्यांचं मत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. सगळं वाचून वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो.

दुसरं, निर्दोष सोडल्याविरुद्ध सरकारनं केलेलं. २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडितेलाही हा हक्क आहे, आणि मल्लिकार्जुन कोडगली निकालानंतर, २०१८ पासून, तिला त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही. पण इथे चढ जास्त. आरोपी मुळात निर्दोष धरलेला, त्यात एका कोर्टानं पुरावा ऐकून तसं म्हटलेलं, म्हणजे दुहेरी कवच. १९३४ सालच्या शिवस्वरूप खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपिली कोर्ट) हे सांगितलं आणि २००७ मध्ये चंद्रप्पा खटल्यात सुप्रीम कोर्टानं नीट मांडून ठेवलं. पुराव्यातून दोन मतं निघत असतील आणि खालच्या कोर्टानं आरोपीच्या बाजूचं घेतलं असेल, तर "आम्ही असतो तर दुसरं घेतलं असतं" एवढ्यावर वरचं कोर्ट ते फिरवत नाही.

म्हणजे साक्ष तीच, डॉक्टर तोच, पंचनामा तोच असला तरी खाली काय लागलं त्यावर वर काय टिकणार हे बदलू शकतं. तुमच्या काकांना हे सांगा.

आणि शंका कसली? मनात आली ती नव्हे. शिवाजी बोबडे खटल्यात १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी म्हटलं की आरोपी गुन्हेगार "असू शकतो" आणि गुन्हेगार "असलाच पाहिजे" यांतलं अंतर लांब आहे. हे वाक्य आम्ही बचाववाले रोज वापरतो. त्याच निकालात ते असंही म्हणतात की संशयाच्या फायद्याचे अतोनात लाड करणं बरं नव्हे, गुन्हेगार सुटणं हाही अन्यायच. हे वाक्य मात्र आम्ही वाचून दाखवत नाही. सरकारी वकील दाखवतात, वाचलेलं असलं तर.

परिस्थितिजन्य पुराव्याचं पंचशील, म्हणजे पाच कसोट्या, ज्यात आहे तो शरद बिरधीचंद सारडा खटला (१९८४) आपल्या पुण्याचाच. सेशन्सनं दोषी ठरवलं, हायकोर्टानं कायम केलं, सुप्रीम कोर्टानं सोडलं. तो खुनाचा होता, पण साखळीची एकही कडी सुटता कामा नये हे तत्त्व सगळीकडे लागतं.

नारायणपेठी, तुमचं उत्तर: हो, एका शब्दावर शिक्षा होऊ शकते. फौजदारी कायद्यात अमुक इतके साक्षीदार हवेत अशी अटच नाही, जुन्या पुराव्याच्या कायद्याचं कलम १३४. साक्षी मोजत नाहीत, तोलतात. एकट्या जखमी माणसाच्या शब्दावर दरोडेखोराला शिक्षा होते तेव्हा कुणी खरेदीखत मागत नाही. फक्त या गुन्ह्यात वर्षानुवर्षं बाईला जवळजवळ गुन्ह्यातल्या भागीदाराच्या पंगतीला बसवून तिच्या शब्दाला दुजोरा मागत होते. नागपूरच्या एका फौजदाराच्या खटल्यात हायकोर्टानं त्याला सोडलं होतं. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा परत लावली आणि सांगितलं की ती भागीदार नव्हे, जखमी साक्षीदारासारखी आहे. १९९६ च्या गुरमीतसिंग निकालात तेच अजून ठासून आलं, शिवाय अशा खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालवा असंही.

दुसरंवर्ष

सर, आम्हाला शिकवलंय की आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२० आहे, म्हणजे जुनं ११४-क. त्यात बाईनं "संमती नव्हती" म्हटलं की संमती नव्हती असंच धरायचं आणि उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. मग वाजवी शंका राहिली कुठे?

नारायणपेठी

बघा! पोरगं बोललं खरं ते.

बचावपक्ष

पोरगं अर्धं बोललं. ते गृहीतक ठरावीक प्रकारांपुरतं आहे: पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग, रुग्णालय, नात्यातला किंवा अधिकारातला माणूस वगैरे, म्हणजे जुन्या भादंविचं ३७६(२). आणि ते सुरू कधी होतं? शरीरसंबंध झाला हे सरकार पक्षानं आधी शाबीत केल्यावर. तोवर तराजू जिथला तिथेच. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २९ चंही तसंच, पायाभूत गोष्टी आधी शाबीत करा, मग गृहीतक.

आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेव: नवे कायदे लागू झाले त्या दिवशी, १ जुलै २०२४ ला, जे खटले आणि अपिलं चालू होती, ती पुराव्यापुरती १८७२ च्या कायद्यानंच चालतात. तू पास होऊन सनद घेशील तेव्हाही जुनी कलमं पाठ लागतील.

एरंडवण्याची आजी

११४-क आलं कुठून ते कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. वय ७४, चुकलं तर सांभाळून घ्या.

२६ मार्च १९७२. चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज (आता गडचिरोलीत). आदिवासी मुलगी, मथुरा नावानं तो खटला ओळखतात. पोलीस ठाण्यातच दोन पोलिसांवर आरोप. १९७४ ला सेशन्सनं सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा केली. तिथे म्हटलं होतं की निमूटपणे शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. अंगावर जखम नाही, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, असं. तीन कोर्टं, कागद तेच, आणि निकाल दोनदा उलटला.

मग सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर, आणि चौथ्या वसुधा धागमवार. त्या आपल्या पुण्याच्या. आम्ही तेव्हा ते पत्र सायक्लोस्टाइल करून वाटत होतो. शाई हाताला लागायची ती दोन दिवस जायची नाही. मला त्यातलं कायद्याचं निम्मं कळलं नव्हतं, पण एक कळलं होतं: ठाण्यात रात्री पोलिसापुढे गप्प राहिलेल्या मुलीच्या गप्प राहण्याला "हो" कसं म्हणता? १९८० च्या महिला दिनाला देशभर मोर्चे निघाले. मीही होते, मोठ्या मुलाला कडेवर घेऊन. १९८३ ला कायदा बदलला. २०१३ ला तर कायद्यातच लिहिलं की नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं होत नाही.

कागदीघोडी, तुमचं "नको ना" वाचून हे सगळं आठवलं. नातू औषध घेताना म्हणतो तेही "नको ना"च. पण दार लावून घेतलेल्या माणसाला म्हटलेलं "नको ना" वेगळं. लिहायला दोन्ही सारखंच.

रात्रपाळी

मी एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीत सात वर्षं काढली. कोर्टात साक्षीला किती वेळा गेले ते मोजायचं सोडून दिलं.

बचावाचा ठरलेला प्रश्न: "डॉक्टर, अंगावर जखम आढळली नाही, हे खरं आहे?" खरं आहे. "म्हणजे बळजबरी झाली नाही?" इथे मी सांगायचे की जखम नसणं आणि बळजबरी नसणं या दोन गोष्टी आहेत. भीतीनं माणूस थिजतं. बाई तीन दिवसांनी येते, तोवर आंघोळ झालेली, कपडे धुतलेले, खरचटलेलं भरून आलेलं. नमुने ७२ तासांनंतर फारसं बोलत नाहीत, तरी ९६ तासांपर्यंत घ्यावेत असं आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचनांत आहे. पण हे माझं उत्तर कागदावर किती उतरायचं? कधी पूर्ण, कधी "जखम आढळून आली नाही हे म्हणणे खरे आहे" एवढंच.

दोन बोटांची तपासणी (बाईला संबंधांची सवय आहे का ते बघायची) तर लिहायलाही लाज वाटते. २०१३ ला लिल्लू खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती चुकीची ठरवली. ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा सांगावं लागलं, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल म्हणून. आमच्याकडच्या छापील फॉर्मवर तो रकाना पुढेही कितीतरी दिवस होता. मी त्यावर पेननं आडवी रेघ मारायचे. एकदा उलटतपासणीत त्या रेघेवरूनच विचारलं, "ही खाडाखोड कुणी केली?"

आणखी एक, कुणाला क्षुल्लक वाटेल. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सील केला की आत बुरशी धरते, मग प्रयोगशाळेला काय सापडणार? सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. रात्री दोनला, एक सिस्टर, बाहेर अपघाताचे दोन पेशंट. कपडा वाळवायचा कुठे, तर आमच्या चेंजिंग रूममध्ये दोरीवर, आणि बाहेर मामा (वॉर्डबॉय) बसवायचा कुणी हात लावू नये म्हणून. या दोरीची नोंद केसपेपरवर नसते. ती नाही म्हणून पुढे कुणीतरी म्हणणार, कपडा कुणाच्या ताब्यात होता?

बक्कलनंबर

डॉक्टर मॅडम बरोबर बोलल्या. मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर. सात-आठ वर्षं मुद्देमाल कारकून होतो.

"मी त्यास प्रतिकार केला असता" हे आम्हीच लिहितो ताई. बाई सांगते तसं कोण लिहितं? ठाण्याचं मराठी ठरलेलं: "सदर इसमाने", "अंगलट करून", "प्रतिकार केला असता". लिहिणारा जुन्या फिर्यादी बघून शिकलेला. बाईला वाचून दाखवतात, ती मान डोलावते, सही करते. त्या वेळी ती काय ऐकण्याच्या स्थितीत असते ते सांगायला नको. दोन वर्षांनी कोर्टात ती तिच्या भाषेत बोलली की वकील म्हणणार, फिर्यादीत हे नाही. नसणारच. ते शब्द तिचे नव्हतेच.

मुद्देमालाचं: गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेत सीएला (केमिकल ॲनालायझर) पाठवायचं म्हणजे कॅरिअर, म्हणजे माल घेऊन जाणारा पोलीस, लागतो. पालखीचा बंदोबस्त, मग गणपती, मग इलेक्शन, माणूस सुटेल तेव्हा जातो. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात (२०१२ सालचं) खाली आणि हायकोर्टात तिघांना फाशी, आणि नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सोडलं. नमुने अकरा दिवस मालखान्यात पडून होते, ओळखपरेड झाली नव्हती, ४९ साक्षीदारांपैकी दहा महत्त्वाच्यांची उलटतपासणीच नव्हती. लोक चिडले, मीही चिडलो. पण अकरा दिवस ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्या कपाटाला कुलूप होतं, चावी माझ्याकडे होती, कुणी हात लावला नाही हे मला ठाऊक होतं. पण तसा कागद कुठाय? स्टेशन डायरीत जावक नोंद, नमुना सील, कॅरिअरचा जबाब, यातलं एक नसलं की माझं ठाऊक असणं शून्य.

नारायणपेठी

बक्कलनंबर, सलाम. एवढं खरं कुणी लिहीत नाही.

पण मग मला सांगा, चूक पोलिसांची, फायदा आरोपीला, आणि बोंब बाईच्या नावानं?

खडकीकर

आणि खर्च सगळ्यांना. सकाळी डेक्कन क्वीन पकडून फोर्टात जायचं, केस बोर्डावर अठ्ठेचाळिसावी, पाच वाजता कळतं आज रीच होत नाही, म्हणजे नंबर लागत नाही. ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, सातारा-सोलापूरची सोय झाली. आम्ही पुणेकर बसलोय खंडपीठ मागत.

व्यवस्थापक

खंडपीठासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जावे.

वरचा एक प्रतिसाद उडवला आहे. पुण्यातल्या २००७ च्या प्रकरणातल्या पीडितेचं नाव त्यात होतं. "सगळ्यांना माहीत आहे" हे कारण चालत नाही. पूर्वी भादंविचं २२८-क, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत कैद.

बचावपक्ष

उडवलेल्या प्रतिसादातला मुद्दा मात्र कामाचा होता, नाव न घेता सांगतो. त्या बीपीओच्या प्रकरणात २०१५ ला सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली, आणि जुलै २०१९ ला हायकोर्टानं ती रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. तेव्हाही रिक्षावाल्यापासून सगळे म्हणत होते "हायकोर्टानं सोडलं". सोडलं नव्हतं. गुन्हा शाबीतच होता. अंमलबजावणीला झालेल्या अवाजवी उशिरामुळे फक्त शिक्षा बदलली.

आता नारायणपेठींचा प्रश्न, बोंब बाईच्या नावानं का. कारण निर्दोष सुटकेत कोर्टानं दोनपैकी एक म्हटलेलं असतं. एक, "ही साक्ष विश्वासार्ह नाही." दोन, "पुरावा पुरेसा नाही." बहुतेक वेळा दुसरं. "ती खोटं बोलली" असा स्पष्ट निष्कर्ष ही तिसरीच गोष्ट, आणि ती क्वचित दिसते. मी स्वतः जिंकलेल्या अपिलांत ती एकदाच लिहून आली.

माझ्याच बाजूचं एक हत्यार उघडं करतो. २०१२ च्या राय संदीप निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की एकट्या साक्षीवर भिस्त ठेवायची तर साक्षीदार "स्टर्लिंग" हवा, पहिल्या जबाबापासून शेवटपर्यंत अढळ. तत्त्व चांगलं. २००८ च्या राजू खटल्यात हेही म्हटलंय की खोट्या आरोपानं माणूस तितकाच उद्ध्वस्त होतो, म्हणून तिचा शब्द दर वेळी डोळे मिटून घेऊ नका. तेही बरोबर, मी असे आरोपी पाहिलेत. पण आम्ही आता "स्टर्लिंग"ची गाळणी केली आहे. फिर्यादीत निळा शर्ट, साक्षीत आकाशी शर्ट, झाला साक्षीदार बाद. घडाघडा एकसारखं सांगणारा साक्षीदार मला तरी पढवलेला वाटतो. चांगले न्यायाधीश किरकोळ विसंगती आणि मुळावरची विसंगती वेगळी काढतात. घाईतले काढत नाहीत.

अनामिक

नेहमीच्या आयडीनं लिहू शकत नाही.

माझ्या मेहुण्याला लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवल्याच्या बलात्काराच्या केसमध्ये सात वर्षांची शिक्षा झाली होती. शिक्षेला स्थगिती मिळायला चौदा महिने. तोवर येरवड्याला दर पंधरवड्यानं जायचो. मुलाखतीच्या नंबरासाठी पहाटे रांग. अपिलात सुटला. निकालात लिहिलंय, वचन देताना ते मोडायचाच हेतू होता असं पुराव्यावरून दिसत नाही, संशयाचा फायदा देऊन मुक्त. बहिणीला वाटलं संपलं. नोकरीवर परत घ्यायला साहेब म्हणतो, "संशयाचा फायदा आहे, क्लीन नाहीये." गावात म्हणतात सुटला वकिलाच्या जोरावर. आम्ही काय करायचं? त्या मुलीबद्दल मी काही बोलणार नाही. ती कोर्टात रडली ते मी पाहिलंय. तिला ते लग्न खरंच होणार वाटत होतं.

बचावपक्ष

अनामिक, वाईट वाटलं. वचन मुळातच खोटं होतं की नंतर मोडलं, ही रेघ २०१९ च्या प्रमोद पवार निकालात (तोही महाराष्ट्रातला) स्पष्ट आहे, आणि मेहुण्यांना तीच लागलेली दिसते. "सन्मानपूर्वक मुक्तता" असा शब्द फौजदारी प्रक्रियेत नाहीच. तो नोकरीच्या प्रकरणांतून आला. निकालपत्राची नक्कल घेऊन सेवाविषयक काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. सही-शिक्क्याची नक्कल, मोबाइलमधला फोटो नको.

नारायणपेठी

म्हणजे सुटलेल्याला वाटतं मला पुरतं सोडलं नाही, आणि तिला वाटतं मला खोटं ठरवलं. आणि कोर्टानं दोन्ही म्हटलेलं नाही.

मी वर खरेदीखताचं लिहिलं ते जरा जास्त झालं. पण एकाच साक्षीवर दहा वर्षं, याची भीती माझी गेलेली नाही.

दुसरंवर्ष

कागदीघोडी मॅम, "प्लीज डोंट" नाही चालणार का?

रात्रपाळी

"प्लीज"मध्ये विनंती येते, भीती येत नाही.

बचावपक्ष

ताई, मी समोरच्या बाजूला असतो तर "नको ना" लाडिकपणानंही म्हणतात असा युक्तिवाद केला असता. पुढच्या-मागच्या वाक्यांसकट वाचलं तर तो टिकला नसता. पण "ती राजी नव्हती" असं तुम्ही परस्पर लिहिलंत, तर मी उभा राहून म्हणेन की हा भाषांतरकाराचा निष्कर्ष आहे, साक्षीदाराचा शब्द नाही. आणि माझं बरोबर असेल.

कागदीघोडी

सगळ्यांचे आभार. काल काम दिलं.

फिर्यादीतलं "प्रतिकार केला असता" जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, सरकारी ते सरकारी, त्रास झाला नाही. साक्षीतल्या वाक्यात "नको ना, नको ना" हे शब्द रोमन अक्षरांत तसेच ठेवले आणि शेजारी चौकटी कंसात एवढंच दिलं, की हे मराठीत नकाराचे शब्द आहेत आणि "ना" आर्जवासाठी लागतो. भीतीचं लिहिलं नाही, लाडाचंही नाही. ती दार, अंधार, दमदाटी हे सगळं त्याच परिच्छेदात बोलली आहे, ते तिथे आहेच.

दुपारी वकिलांच्या ज्युनिअरचा फोन. "मॅडम, हे मराठी काय ठेवलंय मधेच? जज्ज मराठी नाहीत." मी म्हटलं, म्हणूनच ठेवलंय. तो म्हणाला सरांना विचारतो. संध्याकाळी मेसेज: सर म्हणाले राहू दे.

अपील पुढच्या आठवड्यात बोर्डावर आहे. त्याआधी तीनदा होतं.